डॉरिसची शेक-शेगडी

वॉलॉंगॉंगपासून सिडनीच्या पश्चिम टोकापर्यंत कुठल्याही मराठी घरात बाळ यायचं असलं आणि त्या मुलीच्या आईचा व्हिसा अडकला, किंवा सासूचे गुडघे एवढ्या लांबच्या विमानाला तयार नसले, की फोन वीणामावशींना जातो. मावशी आधी तारीख विचारत नाहीत. जवळचं स्टेशन कुठलं ते विचारतात, कारण त्यांना गाडी चालवता येत नाही. गिरावीनला जायचं असेल तर त्या खूश असतात. उतरायचं पेंडल हिललाच, आणि तिथे स्टेशनजवळच्या दुकानात डिंक, अळीव, ओवा, बाळंतशेपा सगळं एका फेरीत मिळतं. पिशवी भरेपर्यंत बाळाचा बाप गाडी घेऊन येतो.

सांगलीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मावशींनी नोकरी केली ती ऑपरेटरची. सगळी उमर कानाला हेडफोन लावून दुसऱ्यांचे आवाज जोडून दिले, म्हणूनच बाळाचं रडणं भुकेचं की पोटदुखीचं हे मला भिंतीपलीकडून कळतं, असं त्या म्हणतात. ते खरंही असावं. आंघोळीच्या टबात तरंगणारा तापमान दाखवणारं बदक कुणी विकत आणून ठेवलेलं असतं. मावशी ते उचलून खिडकीत ठेवतात आणि पाण्यात कोपर बुडवतात. कोपराने हो म्हटलं की बाळ पाण्यात.

या देशात त्यांना एकच गोष्ट करता आली नाही. शेक-शेगडी. बाजेखाली निखारे ठेवायचे, त्यावर ओवा आणि शेपा टाकायचा, आणि बाळंतिणीच्या पाठीला सावकाश ऊब पोचू द्यायची. त्यांच्या आईने त्यांची अशीच केली होती. इथलं त्यांचं पहिलं बाळंतपण अंजूचं, गिरावीनच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. मावशींनी पेंडल हिलच्या दुकानातून पूजेसाठी विकतात ते लोखंडी हवनकुंड आणलं, करवंटीचा कोळसा आणला आणि बाल्कनीच्या दारात शेगडी पेटवून आत घेतली. ओवा पडायचा अवकाश, छतावरचा अलार्म किंचाळायला लागला. सगळी बिल्डिंग रात्रीच्या कपड्यांत खाली उतरली. कपाटाएवढे दोन बंबवाले वर आले, बाळाला बघून ‘कॉन्ग्रॅट्स’ म्हणाले, आणि मावशींना अगदी हळू आवाजात म्हणाले, “नो मोअर फायर, ओके, ऑन्टी?”

अंजू हसून हसून रडली. मग तिने मावशींना इथल्या आपल्या लोकांची युक्ती शिकवली. मिरचीची फोडणी करायची असली की आधी स्टुलावर चढायचं आणि अलार्मला आंघोळीची प्लॅस्टिकची टोपी घालायची. मावशींनी टोपी पिशवीत ठेवली आणि हवनकुंड घरी नेऊन गॅरेजच्या फळीवर ठेवलं.

घर म्हणजे लेकीचं, रुचाचं. वॉलॉंगॉंगच्या उत्तरेला, डोंगराच्या अगदी पायथ्याशी. रुचा इथल्या युनिव्हर्सिटीत शिकायला आली, शिकून पोर्ट केंब्लाच्या पोलाद कारखान्यात कंट्रोल रूममध्ये लागली आणि इथलीच झाली. वडील गेल्यावर तिने आईला बोलावून घेतलं. लग्न करायचं नाही, मूलही नको, हे तिने स्वच्छ सांगितलं होतं. मावशींनी वाद घातला नाही. काही दिवस आमटीत मीठ कमी-जास्त पडलं, एवढंच.

रुचाकडे डॉरिस होती. डॉरिस म्हणजे याच डोंगरांत सापडणाऱ्या जातीची मादी अजगर. विषारी नाही, मावशींपेक्षा लांब, आणि काळ्या इरकलीवर पिवळे ठिपके पडावेत तशी अंगभर ठिपक्यांची. रुचाने तिच्यासाठी रीतसर परवाना काढला होता आणि गॅरेजच्या मागच्या अर्ध्या भागाची खोली करून घेतली होती. पहिले तीन महिने मावशींनी त्या खोलीचं दार उघडलं नाही. पण कानाला सवय ऐकण्याची. कधी दाराला कान लावावा तर आत काहीच नाही. एवढा वेळ जरासुद्धा आवाज न करता एक जनावर आत करतं तरी काय, हे कोडं भीतीपेक्षा मोठं झालं आणि एका दुपारी त्यांनी दार ढकललं. डॉरिस काचेच्या पेटीत फांदीवर घडी घालून ठेवल्यासारखी पडली होती. तिने जीभ दोनदा बाहेर काढली. मावशी म्हणाल्या, “हो, मीच.” तेव्हापासून त्या रोज दुपारचा चहा तिथे घ्यायला लागल्या.

फक्त एका गोष्टीला त्या थांबत नसत. महिन्यातून एकदा रुचा डॉरिसच्या जेवणासाठी फ्रीजरमधला गोठवलेला उंदीर काढून लॉंड्रीतल्या लाल बादलीत कोमट पाण्यात सोडायची. ती बादली निघाली की शाकाहारी घरात जन्मलेल्या मावशी लायब्ररीत जात आणि ती धुऊन उलटी ठेवली जाईपर्यंत परत येत नसत.

पहिल्या हिवाळ्यात मावशींनी एक दिवस डॉरिसच्या काचेच्या पेटीवर आपली गोधडी टाकली. रुचा शिफ्टवरून आली आणि बघतच राहिली.

“आई, हे काय?”

“थंडी आहे. तू मोजे घालून फिरतेस, आणि ती बिचारी तशीच.”

“अगं, गोधडी ऊब देत नाही. आपलीच ऊब आपल्याला परत देते. डॉरिसकडे स्वतःची ऊबच नाही, तर गोधडी परत काय देणार? दगडाला गोधडी पांघर. दगड गरम होतो का?”

रात्री मावशींनी बागेतला एक दगड आणून गोधडीत गुंडाळून ठेवला. सकाळी उघडून हात लावला. दगड गारढोण. “बरोबर आहे तुझं,” त्या चहा देताना म्हणाल्या. कशाबद्दल, ते रुचाला दुपारपर्यंत कळलं नाही.

त्यानंतर मावशींनी ती खोली एकेक प्रश्न विचारून समजून घेतली. भिंतीपाशी तेल भरलेला हीटर होता, पंख्याचा नव्हे. “पंख्याच्या हीटरमध्ये लालभडक तार असते, पडदा उडून लागला की संपलं,” रुचा म्हणाली. त्याची वायर थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये. चार-चार पिना लावायच्या पट्टीवर हीटर लावायचा नाही, पट्टी वितळते. पेटीतल्या दिव्याभोवती जाळी होती.

“जाळी कशाला? भाजलं तर सरकेल की बाजूला.”

“तेच तर. सरकत नाही. ऊब लागते म्हणून चिकटून पडून राहते आणि कातडी भाजली तरी उठत नाही.”

मावशींना हे फार नवल वाटलं. पेटीत एका टोकाला ऊब, दुसऱ्या टोकाला गारवा. कुठे बसायचं ते डॉरिसचं डॉरिस ठरवणार. आणि सगळ्यांवर थर्मोस्टॅट. त्याच्या वायरचं टोक पेटीच्या आत घट्ट बांधलेलं. ते टोक सुटून गार फरशीवर पडलं तर थर्मोस्टॅटला वाटणार की अजून थंडीच आहे, आणि तो तापवतच राहणार. “म्हणजे चुकीच्या जागी कान लावल्यासारखं,” मावशी म्हणाल्या. रुचाला ते आवडलं.

तिसऱ्या वर्षी, सप्टेंबर संपता संपता, डॉरिसने अंडी घातली. रुचाने एका नराला काही दिवस पाहुणा म्हणून आणलं होतं, ते मावशींना आधी नुसतं पाहुणपणच वाटलं होतं. चौदा अंडी, पांढरी, एकमेकांना चिकटलेली, आणि त्यांच्याभोवती डॉरिस अशी वेटोळी घालून बसली होती की वर फक्त तिची हनुवटी. रुचाने जुन्या छोट्या फ्रीजचं इन्क्युबेटर करून ठेवलं होतं.

“काढून घेणार?” मावशींनी विचारलं.

“बहुतेक लोक काढतात.”

“नको काढूस.”

रुचाने वळून पाहिलं. मावशी सहसा असं सांगत नसत.

“आई, तिने ठेवली तर ती दोन महिने खाणार नाही. आणि अजगरीण अंड्यांवर असली की थरथरते. अंगाचे स्नायू आवळून आवळून ऊब तयार करते. खोली जितकी गार, तितकं जास्त थरथरायचं. त्यात ती झिजते. नाहीतर कंटाळून अंडी सोडून उठते, मग पिल्लं गेली.”

“मग खोली गार होऊ द्यायची नाही. मी आहे ना घरी.”

रुचाने इन्क्युबेटरचं दार लावून टाकलं. “ठीक आहे. तुझ्या शब्दावर ठेवते,” ती म्हणाली. तिने खोलीत बॅटरीवर चालणारी एक छोटी डबी लावली. वरचा आकडा खोलीचा, खालचा डॉरिसच्या वेटोळ्यातला. वरचा अठ्ठावीस अंशांच्या आसपास राहिला पाहिजे, एवढं मावशींना सांगितलं.

मावशींनी गिरावीनच्या एका मुलीला फोन करून सांगितलं की दोन महिने येणं जमणार नाही, घरात बाळंतीण आहे. मुलीने आनंदाने अभिनंदन केलं. मावशींनी ते घेतलं आणि मग खरी हकिकत सांगितली.

वारा आला तो ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. पश्चिमेचा वारा, डोंगरावरून खाली कोसळणारा. पलीकडच्या पठारावर बर्फ पडल्याचं सकाळी बातम्यांत सांगत होते. रुचा पहाटेच शिफ्टला गेली होती. जेवणं होऊन मावशी ओटा पुसत होत्या, तेवढ्यात कुठेतरी झाडाची फांदी मोडल्यासारखा आवाज आला आणि फ्रीजची घरघर थांबली. मावशींना ती शांतता आधी ऐकू आली. मग त्यांनी बटणं लावून पाहिली. लाइट गेले होते.

त्यांनी रुचाला मेसेज केला. उत्तर येणार नाही हे ठाऊक होतं. कंट्रोल रूममध्ये शिरताना फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. गॅरेजच्या खोलीत डबीवरचा वरचा आकडा अजून सव्वीस होता. खोलीचं मागच्या अंगणात उघडणारं पत्र्याचं शटर वाऱ्याने थडथडत होतं आणि त्याच्या फटींतून गार पट्टे आत येत होते. मावशी चहा घेऊन आल्या तोवर बावीस. डॉरिसच्या अंगातून दर थोड्या वेळाने एक झटका जात होता, उचकी लागल्यासारखा.

बाळंतीण थंडीने काकडते आहे. मावशींच्या हातांना पुढचं विचारावं लागलं नाही. फळीवरचं हवनकुंड खाली आलं. करवंटीचा कोळसा अर्धी पिशवी शिल्लक होता. मागच्या अंगणात, भिंतीच्या आडोशाला, त्यांनी तो फुलवला. धूर सगळा निघून जाऊ दिला. निखारे वरून राखाडी आणि आतून लाल झाले तेव्हाच कुंड चिमट्याने उचलून आत आणलं, विटांवर ठेवलं, डॉरिसपासून चांगलं हातभर लांब. पडदा नव्हता, कागद नव्हता. ओवा टाकला नाही, सापाला सोसेल की नाही कोण जाणे. तरीही सवयीने स्टुलावर चढून अलार्मला टोपी घातली. मग दार लावलं, दाराखालच्या फटीला टॉवेल लावला, शटरच्या फटींत जुन्या साड्या कोंबल्या आणि डॉरिसपाशी बसल्या.

ऊब आली. आकडा थांबला, मग एकाने वर चढला. किती वर्षांनी ती ऊब पाठीला लागत होती. त्यांना आईचे हात आठवले, तेलाचा वास आठवला, आणि बाजेवर पडल्या पडल्या छोट्या रुचाचं नाक आठवलं. डोकं जरा जड झालं होतं. जेवण झालंय, डुलकी येणारच, असं म्हणून त्यांनी भिंतीला डोकं टेकलं.

“वीना? वीना, लव्ह, आहेस का आत?”

शेजारचा बॅरी. निवृत्त माणूस, सगळ्यांनाच ‘लव्ह’ म्हणणारा, हातात त्याच्या कुत्र्याचा पट्टा, कुत्रा नाही. लाइट गेले की तो दोन्हीकडच्या शेजाऱ्यांची चौकशी करून येतो. मावशींना उत्तर द्यायचं होतं, पण उठायला नेहमीपेक्षा वेळ लागला. त्यांनी दार उघडलं. बॅरीने त्यांच्या खांद्यावरून आत पाहिलं आणि त्याचा चेहराच बदलला.

“बाहेर. आधी तू बाहेर ये.”

त्याने त्यांना दंडाला धरून पायरीवर बसवलं, श्वास धरून आत गेला, शटर वर केलं आणि चिमट्याने कुंड उचलून अंगणाच्या मधोमध नेऊन ठेवलं. सगळा वारा खोलीत शिरला. मावशींच्या कपाळात ठणकत होतं.

“धूर नव्हता,” त्या इंग्रजीत म्हणाल्या. “मी सगळा जाऊ दिला होता.”

“धूर असता तर बरं झालं असतं. धूर दिसतो. कोळशाचा हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही. झोप येते, चांगली गाढ झोप, आणि मग माणूस उठत नाही.” बॅरीची सगळी नोकरी त्याच पोलाद कारखान्यात, कोळशाच्या भट्ट्यांवर झाली होती. “आम्ही छातीवर मीटर लावून फिरायचो. ते वाजलं की हातातलं सँडविच टाकून पळायचं.” मग त्याने छताकडे बोट केलं. “आणि ही आंघोळीची टोपी?”

“फोडणी,” मावशी म्हणाल्या. तो शब्द बॅरीला माहीत होता. कुंपणापलीकडून त्याला तो गेली तीन वर्षं शिंका देत होता.

“हा अलार्म या वायूला वाजलाच नसता म्हणा. पण काढ ती.”

मावशी पायरीवर बसून राहिल्या. त्यांना आईची खोली आठवत होती. बाहेर पाऊस असो, वारा असो, शेगडी पेटली की आई खिडकीची वरची एक फळी उघडी ठेवायची. कुणी लावली तर ओरडायची. का, असं विचारलं की म्हणायची, सटवाई यायची असते बाळाच्या कपाळावर लिहायला, तिला वाट नको? मावशींना ते आत्तापर्यंत सटवाईचंच वाटत आलं होतं. तीच फळी आज त्यांनी साड्या कोंबून बंद केली होती.

“बॅरी,” त्या म्हणाल्या, “आत कोणीतरी आहे. बाळंतीण आहे.”

“डॉरिस ना? माहितेय. चल, बघू.”

खोली आता बाहेरच्याइतकीच गार झाली होती. शटर ओढून घेतलं, तरी वरचा आकडा सोळा. हे मात्र वाऱ्याने केलं नव्हतं, हे मावशींना कळत होतं. शेगडी आणली नसती तर शटर उघडावं लागलं नसतं. अंडी आईपाशी राहू दे हे त्यांनीच सांगितलं होतं, आणि खोली गार होऊ देणार नाही हेही त्यांनीच. त्यांनी चष्मा पुसला आणि खालचा आकडा पाहिला. तो एकोणतीस होता.

त्यांनी पुन्हा पाहिला. खोली सोळा, आणि वेटोळ्यात एकोणतीस. डॉरिस आता सारखी थरथरत होती. झटका, थोडी विश्रांती, झटका. हनुवटी जागची हलली नव्हती. मावशी तिच्यासमोर उकिडव्या बसल्या आणि कान देऊन ऐकावं तशा बघत राहिल्या. त्या उचक्यांतून येत होते ते तेरा अंश. बाहेरून कुणी दिलेले नव्हते.

“माझी गोधडी,” त्या उठता उठता म्हणाल्या.

“ब्लँकेटने साप गरम होत नाही, वीना. रुचानेच मला सांगितलंय. दगडाचं ते.”

“मी दगड गुंडाळून बघितलाय. पण आज ती दगड नाही. आज तिच्याकडे स्वतःची ऊब आहे. जातेय ती वाया.”

“फेअर इनफ,” बॅरी म्हणाला.

काचेच्या पेटीच्या तिन्ही बाजू आणि वरची बाजू मावशींनी गोधडीने झाकली. एक कोपरा मात्र दुमडून उघडा ठेवला, हवेला. तो दुमडताना त्या स्वतःशीच जरा हसल्या. स्वयंपाकघरातला गॅस काडी लावून पेटत होता. खिडकी उघडी ठेवून त्यांनी मोठं पातेलं चढवलं. बॅरीने आपल्या घरातल्या रिकाम्या बाटल्या आणल्या, त्यात दोन रमच्या दिसत होत्या. मावशींनी तिकडे दुर्लक्ष केलं. प्रत्येक बाटली भरून टॉवेलात गुंडाळायची, कोपर टेकवून बघायचं, आणि पेटीच्या बाहेरून काचेला लावायची, एकाच बाजूला. आत ठेवायची नाही. चिकटून बसेल आणि भाजलं तरी उठणार नाही, हे मावशींनी बॅरीला दोनदा बजावलं. गार झालेल्या बाटल्या तो न्यायचा, गरम त्या भरायच्या.

“माझ्या बायकोच्या तीन बाळंतपणांत मिळून मी एवढं काम केलं नव्हतं,” तो म्हणाला.

“दिसतंय,” मावशी म्हणाल्या.

संध्याकाळ झाली तरी लाइट आले नव्हते. बॅरी कुत्र्याला खायला घालायला घरी गेला होता. रुचाने मेसेज वाचला तो शिफ्ट संपल्यावर. ती धावतच आली. मोबाइलचा उजेड तिने आधी सगळीकडे फिरवला. तो छतावर थांबला. टोपी काढायची राहूनच गेली होती.

“आई. ही का घातली?”

मावशींनी सगळं सांगितलं. शेगडी, साड्या, डोकं जड झालं ते, बॅरी. काही वगळलं नाही. रुचा ऐकताना उभी होती ती हळूहळू स्टुलावर बसली.

“दार लावून?”

“हो.”

“टॉवेल लावून?”

“हो.”

“अंडी गेली असती तर मी चार दिवस रडले असते आई,” रुचा म्हणाली. “पण मी घरी येऊन हे दार उघडलं असतं आणि तू…” तिने स्टुलावर चढून टोपी काढली आणि चुरगाळून खिशात घातली. “ही आता मिळणार नाही. फोडणीलासुद्धा नाही. खिडकी उघड, पंखा लाव, वाटेल ते कर.”

“नको देऊस,” मावशी म्हणाल्या.

मग रुचाचं लक्ष गोधडीकडे गेलं. ती काहीतरी बोलणार होती, तेवढ्यात तिने डबीवरचा खालचा आकडा पाहिला. तीस. तिने कोपरा उचलून आत उजेड टाकला. डॉरिस अजून थरथरत होती, पण मधली विश्रांती लांबली होती. रुचा ते मोजत असल्यासारखी बघत राहिली.

“तुला कुणी सांगितलं?”

“तूच. आपलीच ऊब आपल्याला परत देते म्हणालीस. आज तिची तिच्यापाशी आहे ना?”

“आहे,” रुचा म्हणाली. मग तिने पुन्हा, स्वतःलाच सांगावं तसं म्हटलं, “आहे की.” तिने गोधडीचा कोपरा होता तसाच दुमडला आणि म्हणाली, “पाणी चढव. पुढच्या बाटल्या मी नेते.”

लाइट आले तेव्हा मायलेकी पेटीशेजारी गादीवर झोपल्या होत्या, शटर बोटभर उघडं होतं.

दुसऱ्या दिवशी रुचाने न दिसणाऱ्या वायूला वाजणारा वेगळा अलार्म आणून भिंतीवर बसवला, आणि हवनकुंड बॅरीला देऊन टाकलं. त्याने त्यात मिरच्या लावल्या.

मग वाट बघण्याचे आठवडे. अंडी आतून जिवंत आहेत की त्या दुपारी गेली, हे बाहेरून सांगता येत नव्हतं. रुचा म्हणायची, “बघू.” मावशी चहाचा कप गार होईपर्यंत पेटीपाशी बसायच्या. दिवाळीत त्यांनी फराळ केला तो खिडकी उघडी ठेवून. डॉरिस झिजत चालली होती. पाठीचा कणा वर दिसायला लागला होता. गोधडी तिथेच होती, रुचाने ती काढायला सांगितलं नाही.

डिसेंबरच्या एका सकाळी मावशींना एका अंड्यावर चीर दिसली. चिरेतून तांदळाच्या दाण्याएवढं नाक बाहेर आलं होतं, आणि ते श्वास घेत होतं. मावशींनी रुचाला हाक मारली नाही. आधी पुरतं बघून घेतलं, मग हाक मारली.

चौदातली बारा फुटली. “ती दोन त्या दिवशीची का गं?” मावशींनी विचारलं.

“माहीत नाही आई. कधी कधी कारण नसताना राहतात.” रुचाने खोटा दिलासा दिला नाही, आणि मावशींना ते बरं वाटलं.

शेवटचं पिल्लू बाहेर आलं तशी डॉरिसने वेटोळी सोडली. पिल्लांकडे वळूनही न बघता ती पेटीच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि पाण्याच्या भांड्यात तोंड घालून खूप वेळ पीत राहिली.

“एवढं केलं आणि आता बघणारसुद्धा नाही?”

“नाही. तिचं काम झालं. आता ती तिची, पिल्लं त्यांची.”

मावशींनी हे मनाशी फिरवून पाहिलं. रुचा पिल्लांना एकेका डब्यात ठेवत होती, ओठ घट्ट मिटून, जशी ती लहानपणी चित्रात रंग भरताना मिटायची. “शहाणी आहे डॉरिस,” मावशी म्हणाल्या.

“आता तिला आधी खायला घालायला हवं. दोन महिने उपाशी आहे.” रुचा लॉंड्रीत गेली आणि लाल बादली भरून आणली. “आई, तू लायब्ररीत जाऊन येतेस का?”

मावशींनी पदर खोचला. फ्रीजरची पिशवी त्यांनी रुचालाच उघडायला लावली, तिकडे पाहिलं नाही. पण बादलीपाशी त्या वाकल्या आणि पाण्यात कोपर बुडवलं.

“थोडं गरम घाल,” त्या म्हणाल्या. “बाळंतिणीचं पहिलं जेवण आहे.”